आगळ, कडी आणि कुलूप

घराला दोन भयें पूर्वापार चिकटलेलीं आहेत. एक चोराचें आणि दुसरें आगीचें. चोर बाहेरून येतो, म्हणून त्याच्यासाठीं दार बंद ठेवावें लागतें. आग बहुधा घरांतच जन्म घेते, म्हणून ती लागतांच तेंच दार तत्काळ उघडावें लागतें. एकाच दाराकडून मनुष्य हीं दोन परस्परविरुद्ध कामें मागत आला आहे, आणि घराच्या संरक्षणासाठीं जीं साधीं साधनें निरनिराळ्या काळीं निघालीं, त्यांच्या इतिहासांत या दोन मागण्यांचा मेळ घालण्याची खटपट सारखी दिसून येते. किल्ल्यांच्या व राजवाड्यांच्या दरवाजांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. पुण्यास शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावरील अणकुचीदार खिळे पाहावयास लोक आजही थांबतात. परंतु सामान्य कुटुंबाच्या दाराला कडी केव्हां आली, आणि तिच्यामुळें घरांतील माणसांच्या जीवनांत काय पालट झाला, याची विचारपूस क्वचितच होते.

ती करण्यास यवतमाळ शहराला लागून असलेलें लोहारा हें गांव सोयीचें आहे. या नांवाचीं गांवें महाराष्ट्रांत अनेक आहेत; धाराशिव जिल्ह्यांतील लोहारा तर तालुक्याचें ठिकाण आहे. यवतमाळजवळच्या लोहारा गांवीं कमलेश्वराचें हेमाडपंती देऊळ आहे, आणि आज तेथें औद्योगिक वसाहतही आहे. गांवाच्या नांवाची व्युत्पत्ति कांहींही असो. तें कानीं पडतांच भाता, ऐरण आणि घण यांची आठवण होते, आणि घराच्या रक्षणाच्या इतिहासाचा मोठा भाग ऐरणीवरच घडलेला आहे.

मात्र या इतिहासाचा आरंभ लोखंडापासून होत नाहीं. वऱ्हाडांतील गरिबाचें घर कुडाचें असे. तुराट्या, पऱ्हाट्या किंवा बांबूच्या कामट्या उभ्याआडव्या बांधून त्यांवर शेणमातीचा लेप देत, आणि दाराला फळ्यांऐवजीं ताटी असे. ज्ञानेश्वर ताटी लावून आंत बसले आणि मुक्ताबाईनें बाहेर उभें राहून ती उघडण्याची विनवणी केली, ही कथा ताटीच्या अभंगांमुळें महाराष्ट्रांत घरोघरीं ठाऊक आहे. अशी ताटी चोराला अडवूं शकत नाहीं. ती कुत्र्यामांजराला अडविते आणि आंत कोणी आहे एवढें सांगते. कुडाच्या घराचें खरें रक्षण शेजार करी, आणि रात्रीं गस्त घालणारा गांवचा जागल्या करी.

ज्यांच्या घरीं धान्य, दागिने आणि दस्तऐवज असत, त्यांचें एवढ्यावर निभावत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं पेंढाऱ्यांच्या धाडींनीं वऱ्हाड त्रासून गेलें होतें. १८१७-१८ च्या मोहिमेंत इंग्रजांनीं त्यांचा मोड केला. अशा धामधुमीच्या काळाची साक्ष वऱ्हाडांतील कित्येक गांवच्या पडक्या मातीच्या गढ्या अजून देतात. पाटील-देशमुखांच्या वाड्याला जाड भिंती असत, मोठ्या दरवाजांत वांकून शिरावें लागेल अशी लहान दिंडी असे, आणि दाराच्या मागें आगळ असे.

आगळ म्हणजे संस्कृतांतील अर्गला. तिलाच अडसर असेंही म्हणतात. चौकटीच्या एका बाजूस भिंतीच्या पोटांत लांब पोकळी ठेवलेली असे. दिवसा तो जाड लांकडी वासा त्या पोकळींत सरकवून ठेवीत. रात्रीं तो बाहेर ओढून दाराच्या पाठीवरून आडवा नेत आणि त्याचें टोंक समोरच्या भिंतींतील खोबणींत बसवीत. बाहेरून दारावर धडक बसली म्हणजे तिचा जोर खिळ्यावर किंवा बिजागरीवर न येतां दोहों बाजूंच्या भिंतींवर जाई. या साधनाला लोखंड लागत नाहीं, किल्ली लागत नाहीं, आणि बाहेरून त्याला हात घालावयास जागा नाहीं. आंतील मनुष्याला मात्र तो वासा एका ओढीनें मागें सारतां येतो. बाहेरच्याला अत्यंत कठीण आणि आंतल्याला अत्यंत सोपें, हा जो संरक्षक साधनाचा उत्तम गुण, तो या ओबडधोबड वाशांत पूर्णपणें होता.

परंतु आगळीला एक मोठी उणीव होती. ती आंतूनच लावतां येते. म्हणून आगळीचें घर कधीं ओस ठेवतां येत नसे. कोणीतरी आंत राहिलेंच पाहिजे. सुगीच्या दिवसांत सारे शेतावर गेले, लग्नकार्याला परगांवीं गेले किंवा यात्रेला निघाले, तरी एक मनुष्य घर राखावयास मागें राहे, आणि तें मनुष्य बहुधा घरांतील म्हातारी किंवा विधवा बाई असे. जुन्या एकत्र कुटुंबांतील स्त्रियांच्या घरकोंडेपणाचीं कारणें अनेक आहेत. रूढीचें कारण त्यांत मोठें आहे. तथापि घर राखण्याची गरज हेंही त्यांतील एक कारण होतें, आणि तें दाराच्या रचनेंतच बसलेलें होतें.

चोरासाठीं एवढी तजवीज असतां आगीसाठीं काय होतें? या प्रश्नाचें आश्चर्यकारक उत्तर कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत सांपडतें. हा ग्रंथ म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनीं १९०९ सालीं छापून प्रसिद्ध केला, तेव्हां प्राचीन राज्यकारभाराबरोबर प्राचीन घरसंसाराचाही एक कोपरा उजेडांत आला. नगराच्या अधिकाऱ्याचीं कर्तव्यें सांगतांना कौटिल्य आगीचे नियम घालून देतो. उन्हाळ्यांत दिवसाच्या मधल्या दोन प्रहरांत घरांत विस्तव करूं नये. प्रत्येक घरीं पाण्याचे घट, मोठा कुंभ, द्रोणी, शिडी, कुऱ्हाड, सूप, आंकडा, गवत ओढून काढण्याचें साधन आणि कातडी पखाल हीं असावीं, नसल्यास दंड. या यादींतील प्रत्येक वस्तूला काम आहे. शिडी छपरावर चढण्यास, कुऱ्हाड खांब व वासे तोडण्यास, आंकडा पेटलेलें गवत खालीं ओढण्यास आणि सूप धूर वारण्यास उपयोगी पडतें. घराच्या मालकानें रात्रीं आपल्या घराच्या दाराशीं असावें असेंही कौटिल्य सांगतो. आग लागली असतां विझविण्यास न धांवणाऱ्या घरमालकाला बारा पण आणि भाडेकऱ्याला सहा पण दंड सांगितला आहे. विस्तवावर पोट भरणाऱ्या कारागिरांना, म्हणजे लोहारासारख्यांना, त्यानें एके ठिकाणीं वसविण्यास सांगितलें आहे. घराला कडी देणारा लोहार तो विस्तवही बाळगतो, हें त्यानें नीट ओळखलें होतें.

आतां त्या लोहाराकडे वळावें. गांवगाड्यांत तो बलुतेदार होता. नांगराचा फाळ, विळा, कुऱ्हाड हीं त्याचीं मुख्य कामें. त्यांबद्दल त्याला सुगीला धान्य मिळे. त्याच भट्टींत खिळे, बिजागऱ्या आणि कडीकोयंडेही घडत. कडी म्हणजे चौकटीला अडकविलेली लोखंडी सांखळी, आणि कोयंडा म्हणजे ती जींत अडकते ती वळी. वस्तु क्षुल्लक दिसते, पण तिनें दाराचा स्वभाव पालटला. कडी जशी आंतून लावतां येते तशी ती बाहेरूनही लावतां येते, आणि कोयंड्यांत कुलूप घातलें कीं घर राखावयास मनुष्य ठेवण्याची गरज राहत नाहीं. म्हातारीला यात्रेला जाण्याची मोकळीक मिळाली ती कोयंड्यामुळें, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

पण बाहेरच्या कडीबरोबर एक नवा धोकाही आला. आंत माणसें असतांना बाहेरून कोणीही ती चढवूं शकतो. दरोडा घालण्यापूर्वीं शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या दारांच्या बाहेरच्या कड्या गुपचूप लावून घ्यावयाच्या, म्हणजे आरडाओरड झाली तरी कोणी मदतीला येऊं शकत नाहीं, ही चोरांची जुनी युक्ति आहे. आणि अशा वेळीं आग लागली तर काय होईल, हें सांगावयास नको. आगळीनें मनुष्याला घरीं बांधून ठेवलें होतें, परंतु कोंडलें नव्हतें. कडीनें त्याला मोकळें केलें, परंतु कोंडण्याची सोयही तिनेंच करून दिली.

कुलूप ही वस्तु आपल्याकडे नवी नाहीं. कुलूप हा शब्द अरबी 'कुफ्ल' या शब्दावरून आला आहे, आणि वऱ्हाडांत ज्याला ताला म्हणतात तो संस्कृत 'तालक' या शब्दाचा वंशज आहे. दोन्ही शब्द जुने आहेत. परंतु जुन्या कुलुपांतील युक्ति साधी असे. कुलुपाच्या पोटांत कांहीं अडथळे ठेवीत आणि ते चुकवून जाईल अशा आकाराची किल्ली करीत. ते अडथळे चुकविणारी एखादी वांकडी तार चोरालाही करतां येई. १७७८ सालीं इंग्लंडांत बॅरन यानें निराळी योजना काढली. कुलुपांत पातळ पट्ट्या बसविल्या. प्रत्येक पट्टी किल्लीनें नेमक्या उंचीपर्यंत उचलली तरच खिटी सरकावी, कमी किंवा अधिक उचलली तर सरकूं नये. १७८४ मध्यें ब्रामा यानें आणि १८१८ मध्यें चब यानें यापुढची मजल मारली. चबच्या कुलुपाला तर कोणी खोटी किल्ली चालविली असतां तें अडून बसे आणि मालकाला चाहूल लागे. ब्रामाचें कुलूप लंडनच्या दुकानांत आव्हान देत वर्षानुवर्षें टांगलेलें होतें. १८५१ च्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळीं हॉब्ज नांवाच्या अमेरिकन कारागिरानें चबचें कुलूप अर्ध्या तासाच्या आंत आणि ब्रामाचें कुलूप सोळा दिवसांत मिळून सुमारें एकावन्न तास खपून उघडून दाखविलें. यांतून कुलुपें करणाऱ्यांनीं एक धडा घेतला. न उघडणारें कुलूप जगांत नाहीं. कुलूप चोराचा वेळ खातें, आणि वेळ गेला कीं चोराचें धैर्य जातें.

हिंदुस्थानांत या शास्त्रीय कुलुपाची प्रतिष्ठा वाढविणारा मनुष्य मुंबईंत निघाला. आर्देशिर गोदरेज यांचा जन्म १८६८ चा. ते वकिलीची सनद घेऊन बसले, पण तो धंदा त्यांच्या मनाला रुचला नाहीं. शस्त्रक्रियेचीं हत्यारें करण्याचा त्यांचा पहिला उद्योग फसला. मुंबईंत वाढत असलेल्या घरफोड्यांच्या बातम्या वाचून त्यांचें लक्ष कुलुपांकडे गेलें असें सांगतात. मेरवानजी कामा या स्नेह्यानें भांडवल दिलें आणि १८९७ सालीं लालबागेंत एका लहानशा शेडमध्यें कारखाना सुरू झाला. प्रत्येक कुलुपाची किल्ली निराळी असावी, एकाची दुसऱ्याला लागूं नये, यावर त्यांचा कटाक्ष होता. पुढें त्यांनीं स्प्रिंग नसलेलें कुलूपही केलें. स्प्रिंग गंजते, थकते आणि तुटते, आणि ती तुटली कीं कुलूप निकामी होतें. स्प्रिंगच काढून टाकली तर बिघडावयास तेवढें कमी राहतें, असा त्यांचा साधा विचार होता. उत्तरेंत अलीगढ आणि दक्षिणेंत दिंडिगल येथेंही कुलुपांचा धंदा भरभराटीला आला. गांवच्या लोहाराची जागा हळूहळू कारखान्यानें घेतली.

कुलुपांनंतर १९०२ सालीं गोदरेजांनीं तिजोऱ्या करण्यास आरंभ केला. तिजोरीनें चोराबरोबर आगीशींही झुंजावें अशी अपेक्षा असते. म्हणून तिला दुहेरी पत्रे असतात आणि त्यांच्यामध्यें उष्णता आंत जाऊं न देणारा मसाला भरलेला असतो. तिजोऱ्यांची मोठी परीक्षा १४ एप्रिल १९४४ रोजीं झाली. त्या दिवशीं मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत 'फोर्ट स्टिकिन' या जहाजाला आग लागून त्याचा स्फोट झाला. जहाजावर सुमारें चौदाशें टन दारूगोळा होता, आणि त्याच्याबरोबर कापसाच्या हजारों गांठीही होत्या. आग प्रथम त्या कापसांतच धुमसत होती. आग विझविण्यास गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान त्या स्फोटांत मृत्यु पावले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षीं १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. आसपासच्या पेठा जळाल्या, तरी गोदरेजच्या तिजोऱ्यांतील कागद शाबूत राहिले असें त्या कारखान्याच्या इतिहासांत सांगितलें जातें. ही कीर्ति खरी मानली तरी एक गोष्ट विसरतां येत नाहीं. तिजोरी कागदांना वांचविते. माणसांसाठीं अशी तिजोरी नाहीं. त्यांचें रक्षण वेळेवर बाहेर पडण्यांतच आहे.

गोदींतील त्या कापसाची गोष्ट यवतमाळच्या माणसाला चटकन समजेल. या जिल्ह्याचें मुख्य पीक कापूस. वेंचणी सुरू झाली कीं शेतकरी भावाची वाट पाहत कापूस घरांतच सांठवितो. राहत्या खोलींत आढ्यापर्यंत कापसाचा ढीग लागलेला आणि शेजारींच चूल, हा देखावा कापसाच्या मुलुखांत नवा नाहीं. कापसाची आग फसवी असते. ठिणगी ढिगांत शिरली म्हणजे ज्वाळा न दिसतां ती आंतल्या आंत पोखरत जाते, वरून पाणी ओतलें तरी खोल विझत नाहीं, आणि घरांतील माणसें झोंपेंत असतांना धुरानेंच गुदमरतात. म्हणून अशा घरांत साधीं साधनेंच मोलाचीं ठरलीं. भिंतींतील दिवळी ही शोभेसाठीं केलेली नसे. दिवा कलंडूं नये आणि त्याची ज्योत मातीच्या कोंदणांत राहावी हा तिचा हेतु असे. उघड्या चिमणीपेक्षां कांचेचा कंदील बरा, कारण पडला तरी ज्योत लगेच बाहेर येत नाहीं. १८५५ सालीं स्वीडनांतील लुंडस्ट्रोम यानें पेटंट घेतलेली निर्धोक आगपेटीही याच जातीची. तिच्यांत पेटणारें द्रव्य दोहों ठिकाणीं वांटलेलें असतें. कांहीं काडीच्या गुलांत आणि तांबडा फॉस्फरस पेटीच्या कडेला. दोन्ही एकमेकांवर घासल्याखेरीज ठिणगी पडत नाहीं, म्हणून नुसती काडी उंदरानें नेली किंवा पायाखालीं आली तरी सहसा अपाय होत नाहीं.

घरांत वीज आली तेव्हां तिच्यासाठींही असाच पहारेकरी ठेवावा लागला. फ्यूज म्हणजे मुद्दाम दुबळी ठेवलेली तार. प्रवाह बेसुमार वाढला कीं घराची तार तापण्यापूर्वीं ती स्वतः वितळते आणि वीज तोडते. हल्लीं मिळणारें गळतीरोधक बटण त्याहून चाणाक्ष आहे. घरांत गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांत सुमारें ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे कोणाच्या तरी अंगांतून किंवा ओल्या भिंतींतून ती गळते आहे असें समजून तें डोळ्याचें पातें लवण्याच्या आंत प्रवाह बंद करतें.

दाराच्या इतिहासांतील शेवटचा मोठा धडा मात्र एका दुःखद प्रसंगानें शिकविला, आणि तेथें आगही नव्हती. १६ जून १८८३ रोजीं इंग्लंडांतील संडरलंड गांवीं व्हिक्टोरिया हॉल या नाट्यगृहांत मुलांसाठीं खेळ होता. खेळाच्या शेवटीं रंगमंचावरून खेळणीं वांटूं लागले, तेव्हां माडीवरचीं मुलें जिन्यानें खालीं धांवलीं. जिन्याच्या तळाचें दार खिटी घालून एवढेंच उघडें ठेवलें होतें कीं एका वेळीं एक मूल जावें. मागून येणाऱ्यांच्या रेट्यानें पुढचीं चेंगरलीं आणि १८३ मुलें प्राणांस मुकलीं. पुढें १८९२ सालीं ब्रिग्ज यानें एका नव्या खिटीचें पेटंट घेतलें. दार बाहेरून बंदच राहावें, पण आंतून अंगाचा नुसता भार पडतांच उघडावें, अशी तिची रचना होती. शेंकडों वर्षें वाड्याच्या आगळींत असलेला तो जुना गुण लोखंडांत पुन्हां आणावयास एवढी किंमत पडली.

शहरांतील आजच्या बिऱ्हाडांत या इतिहासाचा उपयोग आहे. दाराला लॅच, त्याबाहेर लोखंडी जाळीचें सेफ्टी डोअर, खिडकीला पक्क्या गजांची जाळी, आणि रात्रीं आंतून कुलूप लावून किल्ली उशीखालीं किंवा कपाटांत, अशी पुष्कळ घरांची व्यवस्था असते. चोर बाहेर राहतो हें खरें. पण धुरानें घर भरलें आणि दिवे गेले तर ती किल्ली कोणाला सांपडणार? १९७० सालीं प्रथम प्रसिद्ध झालेल्या आणि २०१६ सालीं सुधारलेल्या राष्ट्रीय इमारत संहितेंत बाहेर पडण्याचें दार आंतून किल्लीवांचून उघडतां आलें पाहिजे असा नियम आहे. तो सार्वजनिक इमारतींपुरता समजून घरीं विसरणें बरें नाहीं.

उपाय खर्चाचे नाहींत. रात्रीं कुलपाऐवजीं आंतून चांगली भक्कम खिटी किंवा आडवी पट्टी लावावी. कुलूप लावणेंच भाग असेल तर किल्ली दाराजवळ, बाहेरून हात पोंचणार नाहीं पण आंतील मुलाचा हात पोंचेल अशा खुंटीला, कायमची टांगावी. खिडक्यांच्या जाळ्यांपैकीं निदान एकीला आंतून उघडणारी झडप असावी. बाहेरच्या कडीला अशी अडण ठेवावी कीं आंत माणसें असतां ती कोणाला चढवितां येऊं नये. वाळूची बादली, पाण्याचा भरलेला हंडा, विजेचा मुख्य खटका आणि गॅसची कळ यांच्या जागा घरांतील लहानथोरांना अंधारांतही ठाऊक असाव्यात. कौटिल्याची यादी याहून फार निराळी नव्हती.

आणि वर्षांतून एकदां, सर्व घर निजावयास जाण्यापूर्वीं, घरांतील सर्वांत लहान मूल आणि सर्वांत वृद्ध माणूस या दोघांना दिवे मालवून दार उघडावयास सांगावें. त्यांना तें सहज उघडलें तर घर सुरक्षित आहे असें समजावें. उघडलें नाहीं, तर दुसऱ्या दिवशीं सकाळीं प्रथम सुताराला बोलवावें.